समाजविकास-कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण

खेड्यातील अथवा शहरी वस्तीतील लोकांमध्ये राहून शेती, आरोग्य, साक्षरता, पाणीपुरवठा, बचत, ग्रामसभेचे कामकाज इ. प्रश्नांसंबंधी त्यांना एकत्रितपणे विचार व कृती करण्यास साहाय्य करणाऱ्या व्यक्तींना समाजविकास-कार्यकर्ते म्हणतात. अशा कार्यकर्त्यांना कामावर रुजू होण्यापूर्वी व काम चालू असताना मिळणारे शिक्षण, सराव व मार्गदर्शन यांचा समावेश समाजविकास-कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात होतो. भारतात ग्रामसेवक, समाजशिक्षण संघटक, प्रौढशिक्षण वर्गांचे निदेशक, अंगणवाडी सेविका, आशा-कार्यकर्ती, महिला बचत गटांच्या सहयोगिनी आणि स्वयंसेवी संस्थांचे क्षेत्रकार्यकर्ते हे या वर्गात मोडतात. त्यांच्यापैकी काही पगारी शासकीय सेवक आहेत, काही मानधनावर काम करतात, तर काहींना केवळ कामानुसार मोबदला मिळतो. या दर्जाभेदाचा त्यांच्या प्रशिक्षणावर फार मोठा परिणाम झालेला आहे.

या व्यवसायाचे ज्ञान दोन प्रकारचे असते. लसीकरणाचे वेळापत्रक, बियाण्याची मात्रा, हिशेबाच्या वह्या, कायद्यातील तरतुदी ही माहिती वर्गात सांगता येते व परीक्षेत तपासता येते. दुसऱ्या प्रकारचे ज्ञान असे सांगता येत नाही. गावातील कोणत्या आळीतील बायका सभेला येत नाहीत व का येत नाहीत, विहिरीच्या वादामागे वस्तुतः कोणती भाऊबंदकी आहे, सभेत आपण केव्हा बोलावे आणि मुख्यतः केव्हा बोलू नये, हे कार्यकर्त्याला कामातूनच उमगते. तेही आपोआप उमगत नाही. घडलेल्या प्रसंगाची इतरांबरोबर चर्चा झाली, चूक कोठे झाली हे कोणी आपुलकीने दाखवून दिले, तरच अनुभवाचे ज्ञान होते. एरवी वीस वर्षांची सेवा म्हणजे एकाच वर्षाची वीस वेळा झालेली पुनरावृत्ती ठरू शकते. म्हणून या क्षेत्रात सेवापूर्व प्रशिक्षणापेक्षा सेवांतर्गत प्रशिक्षणाचे महत्त्व अधिक आहे. प्रत्यक्षात मात्र भारतातील बहुतेक योजनांनी पहिल्यावर अधिक खर्च केला आणि दुसऱ्याची व्यवस्था प्रासंगिक शिबिरांवर व परिपत्रकांवर सोडून दिली.

प्रारंभीचे प्रयत्न : रवींद्रनाथ टागोर (१८६१–१९४१) यांनी लेनर्ड एल्महर्स्ट यांच्या साहाय्याने १९२२ मध्ये शांतिनिकेतनजवळ श्रीनिकेतन येथे ग्रामपुनर्रचनेची संस्था सुरू केली. शेती, हस्तव्यवसाय, आरोग्य व सहकार यांचे शिक्षण आणि आसपासच्या खेड्यांतील काम ही येथे एकमेकांना जोडलेली होती. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे वर्धा येथील मगनवाडीत केंद्र होते. जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे ग्रामसेवक घडविण्याचे काम चाले. श्रम, साधी राहणी व गावाची पाहणी हे तेथील शिक्षणाचे अंग मानले जाई.

याच काळात पंजाबातील गुरगाव जिल्ह्याचे उपायुक्त एफ्. एल्. ब्रेन यांनी ग्रामसुधारणेची मोठी मोहीम चालविली. गावोगावी जाऊन सुधारणांचा प्रसार करणाऱ्या ‘ग्राममार्गदर्शकां’साठी त्यांनी ग्रामीण अर्थशास्त्राची शाळाही काढली. खतांचे खड्डे, हवेशीर घरे, सुधारित बियाणे, मुलींचे शिक्षण असा त्यांचा भरगच्च कार्यक्रम होता. १९२८ मध्ये ब्रेन यांनी जिल्हा सोडल्यावर त्यातील बहुतेक गोष्टी मागे पडल्या. ब्रेन यांची तळमळ निःसंशय होती. परंतु मार्गदर्शकांना साहेबांचा कार्यक्रम गावापर्यंत पोहोचविण्याचे शिक्षण मिळाले होते. गाव समजून घेण्याचे व गावाचा कार्यक्रम वरपर्यंत पोहोचविण्याचे मिळाले नव्हते. पुढील काळातील अनेक योजनांच्या बाबतीत हेच घडले.

इटावा व सामूहिक विकास योजना : स्वातंत्र्योत्तर काळातील पहिला महत्त्वाचा प्रयोग १९४८ मध्ये उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात महेवा येथे सुरू झाला. अमेरिकन नगररचनाकार ॲल्बर्ट मेयर हे त्याचे प्रवर्तक होते. शेतीविस्ताराची बाजू होरेस होम्स यांनी सांभाळली. निरनिराळ्या खात्यांचे निरनिराळे कर्मचारी गावात येण्याऐवजी काही गावांसाठी एकच बहूद्देशी ग्रामकार्यकर्ता असावा, ही कल्पना येथे प्रथम पद्धतशीरपणे राबविण्यात आली. ‘पंजाब ५९१’ या गव्हाच्या सुधारित वाणाच्या प्रसारात आलेल्या यशामुळे हा प्रकल्प गाजला. पण त्याचे प्रशिक्षणदृष्ट्या खरे वैशिष्ट्य वेगळे होते. मेयर यांनी ‘अंतर्गत लोकशाहीकरण’ या तत्त्वावर भर दिला. प्रकल्पातील सर्व पातळ्यांवरील सेवकांच्या नियमित बैठका होत आणि त्यांत सर्वांत खालच्या पातळीवरील ग्रामकार्यकर्त्याने आपल्या अडचणी, अपयश व वरिष्ठांच्या योजनांतील उणिवा निःसंकोचपणे मांडाव्यात अशी अपेक्षा असे. वरिष्ठासमोर ‘होय साहेब’ म्हणणारा कर्मचारी गावकऱ्यांकडूनही तेच ऐकण्याची अपेक्षा करतो, हे मेयर यांनी ओळखले होते. जेथे कार्यकर्त्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही, तेथे तो लोकांचे म्हणणे ऐकायला शिकत नाही.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांसह सामूहिक विकास योजनेचा प्रारंभ झाला व त्यानंतर बरोबर एक वर्षाने राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. हजारो ग्रामसेवकांची तातडीने गरज निर्माण झाली. फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने देशभर विस्तार-प्रशिक्षण केंद्रे निघाली. सुरुवातीला सहा महिन्यांचा असलेला ग्रामसेवकांचा अभ्यासक्रम मूलभूत कृषिशिक्षणाची जोड देऊन वाढविण्यात आला व नंतर दोन वर्षांचा एकात्म अभ्यासक्रम तयार झाला. स्त्रियांसाठी ग्रामसेविकांचे स्वतंत्र वर्ग निघाले. प्रत्येक विकासगटात समाजशिक्षण संघटक म्हणून एक पुरुष व एक स्त्री नेमण्याची तरतूद होती. वाचनालये, भजनी मंडळे, युवक व महिला मंडळे, साक्षरता वर्ग यांच्या द्वारे लोकांत सामूहिक कामाची आवड निर्माण करणे हे त्यांचे काम असे. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अभ्यासासाठी व संशोधनासाठी १९५८ मध्ये मसुरी येथे मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. ती पुढे हैदराबादला नेण्यात आली आणि १९७७ पासून राष्ट्रीय ग्रामीण विकास संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली (२०१३ मध्ये तिच्या नावात ‘पंचायती राज’ हे शब्द समाविष्ट झाले).

या व्यवस्थेचा विस्तार भव्य होता. पण इटावातील बैठकांचा आत्मा तीत उतरला नाही. महिन्यातून होणारी विकासगटाची बैठक ही उद्दिष्टपूर्तीचे आकडे देण्याघेण्याची जागा झाली. किती कंपोस्ट खड्डे, किती शोषखड्डे, किती सभासद हे विचारले जाई; अमुक गावात खड्डे का झाले नाहीत, हे विचारले गेले तरी ते खुलासा मागण्यासाठी. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये आपल्या अहवालात लोकांचा पुढाकार जागृत करण्यात ही योजना अपुरी पडल्याचे नमूद केले व सत्तेच्या विकेंद्रीकरणाची शिफारस केली. समितीचे हे निदान राज्यव्यवस्थेपुरते होते. परंतु प्रशिक्षणाच्या बाबतीतही ते लागू पडते. समाजशिक्षण संघटकांची पदे पुढे अनेक राज्यांत रद्द झाली अथवा इतर कामांत विलीन झाली. महाराष्ट्रात ग्रामसेवकाकडे ग्रामपंचायतीच्या सचिवाचे काम आले आणि विस्तारकार्यासाठी तयार केलेला हा कार्यकर्ता हळूहळू दप्तरात गुंतला. २०२४ मध्ये राज्य शासनाने ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून त्यांस ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव दिले. पदाचा जो प्रवास सात दशकांत झाला होता, त्याला या नामांतराने औपचारिक रूप आले, इतकेच.

समाजकार्याचे विद्यापीठीय शिक्षण : मुंबईत १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या संचालकत्वाखाली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही भारतातील समाजकार्याची पहिली व्यावसायिक शिक्षणसंस्था निघाली. तिचेच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था असे नामांतर झाले. निर्मला निकेतन, मुंबई (१९५५) व कर्वे समाजसेवा संस्था, पुणे (१९६३) या महाराष्ट्रातील आणखी काही प्रमुख संस्था होत. या संस्थांचे महत्त्वाचे योगदान म्हणजे पर्यवेक्षित क्षेत्रकार्य. विद्यार्थी आठवड्यातील ठराविक दिवस एखाद्या वस्तीत वा संस्थेत काम करतो, प्रत्येक भेटीचा तपशीलवार वृत्तांत लिहितो आणि मार्गदर्शक शिक्षकाबरोबर एकट्याने बसून त्याची चर्चा करतो. ‘तिने रडायला सुरुवात केल्यावर विषय का बदलला?’ असा एक प्रश्न व्याख्यानापेक्षा अधिक शिकवून जातो. मात्र पदवी मिळून नोकरी लागल्यावर हे मार्गदर्शन बहुधा संपते. शिवाय ज्यांना हे शिक्षण मिळते ते पदवीधर पुढे प्रायः कार्यक्रमांचे अधिकारी होतात. प्रत्यक्ष उंबरठ्यावर जाणाऱ्या कार्यकर्तीपर्यंत क्षेत्रकार्याची ही पद्धत क्वचितच पोहोचली आहे.

पुनःपुन्हा परत येण्याची पद्धत : सेवांतर्गत शिक्षणाचा एक मौलिक प्रयोग तत्कालीन पूर्व पाकिस्तानात कोमिल्ला येथे झाला. तेथील ग्रामविकास अकादमीचे संचालक अख्तर हमीद खान (१९१४–९९) यांनी १९४५ मध्ये आय.सी.एस्.मधील अधिकारपद सोडून अलीगढजवळच्या खेड्यात मजूर व कुलूपकार म्हणून काही काळ काम केले होते. अधिकाऱ्यांना ग्रामविकास शिकविण्यासाठी १९५९ मध्ये अकादमी सुरू झाली, तेव्हा शिकविणाऱ्यांनाच गाव माहीत नाही हे त्यांच्या लक्षात आले. म्हणून त्यांनी लगतचे कोतवाली ठाणे हे अकादमीचे प्रयोगक्षेत्र म्हणून घेतले. प्रत्येक गावातील शेतकऱ्यांनी आपली सहकारी संस्था करावी, तिची दर आठवड्याला सभा घ्यावी, आणि आपल्यातूनच निवडलेला व्यवस्थापक व एक आदर्श शेतकरी यांनी दर आठवड्यास ठाण्याच्या केंद्रात शिकण्यास यावे, अशी रचना ठरली. बाहेरून नेमलेला पगारी कार्यकर्ता येथे नव्हता. व्यवस्थापक केंद्रातून नवी माहिती घेऊन जाई व पुढील आठवड्यास ती शेतात का लागू पडली नाही हे घेऊन येई. सधन शेतकऱ्यांचे संस्थांवरील वर्चस्व हा दोष कोमिल्लात पुढे दिसला व देशव्यापी विस्तारात मूळ पद्धतीची धारही बोथट झाली. तथापि साप्ताहिक वर्गाची कल्पना त्यामुळे निकामी ठरत नाही.

महाराष्ट्रात अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पात हीच कल्पना वेगळ्या मार्गाने अवतरली. आरंभी प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविकांना गावात ठेवून पाहिले. परंतु बाहेरून आलेल्या तरुण मुलींना गावाने स्वीकारले नाही. तेव्हा गावानेच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर आणि पुष्कळदा दलित समाजातील मध्यमवयीन स्त्रियांना ग्राम आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचे ठरले. त्यांचे प्रशिक्षण असे कधी ‘पूर्ण’ झालेच नाही. या स्त्रिया दर आठवड्याला जामखेडला येत व तेथेच मुक्काम करीत. निरनिराळ्या जातींतील स्त्रियांनी एकत्र जेवणे व एकत्र राहणे हाही अभ्यासक्रमाचाच भाग होता. किंबहुना गावात अस्पृश्यतेविरुद्ध बोलावयाचे तर त्याचा पहिला पाठ येथेच गिरवावा लागे. प्रत्येकीने आपल्या गावातील जन्म, मृत्यू, आजार व भांडणे सांगावयाची, त्यांवर इतरांनी बोलावयाचे, डॉक्टरांनी त्यात थोडी भर घालावयाची आणि जुन्या सेविकांनी नवीन सेविकांना शिकवावयाचे, अशी पद्धत रूढ झाली. लिहिता-वाचता न येणे हा या पद्धतीत अडथळा ठरला नाही, कारण शिक्षणाचे माध्यम संभाषण हे होते. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसायसाय पुरस्कार मिळाला व पुढे जगाच्या अनेक भागांतील आरोग्य-कार्यकर्ते या सेविकांकडून शिकण्यासाठी जामखेडला येऊ लागले.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बालकांच्या घरगुती देखभालीसाठी गावातील स्त्रियांना तयार केले, तेव्हाही सर्व कौशल्ये एकदम न शिकविता एक कौशल्य आत्मसात झाल्याची खात्री पटल्यावर पुढील कौशल्य दिले गेले आणि पर्यवेक्षकांनी गावात नियमित भेटी दिल्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या निष्कर्षांचा राष्ट्रीय कार्यक्रमांवर परिणाम झाला. आशा-कार्यकर्तींसाठी तयार झालेल्या सहाव्या व सातव्या प्रशिक्षण-पुस्तिकांत त्याचा ठसा दिसतो.

प्रशिक्षण व भेट योजना : केवळ नियमितपणा पुरेसा नाही, हे डॅनिएल बेनॉर यांनी जागतिक बँकेच्या साहाय्याने भारतात रुजविलेल्या ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धतीच्या इतिहासावरून दिसते. १९७४ पासून टप्प्याटप्प्याने अनेक राज्यांत आलेल्या या पद्धतीत ग्रामविस्तार कार्यकर्त्याला दर पंधरवड्यास विषयतज्ज्ञांकडून एक दिवसाचे प्रशिक्षण मिळे आणि त्याने ठरलेल्या वारी ठरलेल्या गटातील संपर्क शेतकऱ्यांना भेटून तो संदेश द्यावा, असे वेळापत्रक असे. विषयतज्ज्ञांच्याही संशोधकांबरोबर मासिक कार्यशाळा होत. कार्यकर्त्याकडून इतर सर्व कामे काढून घेऊन त्याला केवळ शेतीविस्तारासाठी मोकळे ठेवले जाई, हा या पद्धतीचा मोठाच गुण होता. इतके सातत्यपूर्ण सेवांतर्गत प्रशिक्षण भारतातील अन्य क्षेत्रकार्यकर्त्यांना त्यापूर्वी क्वचितच मिळाले असेल. पण संदेश वरून ठरत आणि खाली जात. ओलिताखालील गहू-भाताच्या पट्ट्यात ते उपयोगी पडले. कोरडवाहू भागात पंधरवड्याला नवे काही सांगण्यासारखे उरेना व तेच ते संदेश पुनःपुन्हा दिले जाऊ लागले. शेतकऱ्याचा प्रतिप्रश्न संशोधन केंद्रापर्यंत नेण्याची तरतूद कागदावर असली, तरी व्यवहारात ती दुबळी होती. बाहेरील अर्थसाहाय्य संपल्यावर १९९० नंतरच्या दशकात ही पद्धत मागे पडली.

साक्षरता मोहिमा आणि उतरंड पद्धती : सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम लवकरच महाराष्ट्रभर पसरली. तिचा भार मुख्यतः प्राथमिक शिक्षकांवर होता. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा निदेशकांच्या प्रशिक्षणासाठी व अध्ययनसाहित्यासाठी राज्य साधन केंद्रांची योजना करण्यात आली. पुण्यात हे काम जे. पी. नाईक (१९०७–८१) यांनी स्थापन केलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनकडे आले. सुमारे तीस प्रौढांचा वर्ग चालविणारा निदेशक हा गावातीलच तरुण वा तरुणी असे व त्याला अल्प मानधन मिळे.

१९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाने आणि विशेषतः केरळातील एर्नाकुलम जिल्ह्याच्या १९९० मधील यशाने मानधनी निदेशकाच्या जागी स्वयंसेवक आणला. हजारो स्वयंसेवकांना अल्पावधीत तयार करण्यासाठी उतरंड पद्धती स्वीकारण्यात आली : राज्यस्तरावरील साधन व्यक्ती जिल्ह्यातील मुख्य प्रशिक्षकांना शिकवतात, ते तालुक्यातील प्रशिक्षकांना व ते स्वयंसेवकांना. उतरंडीतील वरच्या मडक्यात जे असते ते तळापर्यंत तसेच उतरत नाही. पहिल्या पायरीवर चर्चा, खेळ, भूमिकानाट्य असे. शेवटच्या पायरीवर अनेकदा एका दिवसात प्राइमरची पाने उलटून दाखविली जात. माहिती कशीबशी उतरते, पद्धत उतरत नाही. तरीही ही पद्धती टिकून आहे, कारण थोड्या पैशांत मोठे आकडे गाठण्याचा दुसरा मार्ग शासनयंत्रणेस सापडलेला नाही.

अभ्यासगट : गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाचा प्रयोग प्रशिक्षण या शब्दात सहजासहजी बसत नाही, पण या विषयात त्याला फार वरचे स्थान आहे. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागाने तेथे अभ्यासगटाची प्रथा पडली. जंगलातील मध कसा काढावा म्हणजे माश्या मरणार नाहीत, बांबूची तोड किती व कशी असावी, वनकायद्यात गावाचा हक्क कोणता, असे गावापुढील प्रत्यक्ष प्रश्न या गटात अभ्यासले जात. गावकरी, बाहेरचा कार्यकर्ता आणि निमंत्रित जाणकार यांना येथे समान स्थान असे. अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते, ही त्यातील महत्त्वाची सीमारेषा होय. निर्णयाचे ओझे नसल्याने अभ्यासात कोणालाही चुकीचे बोलण्याची मुभा राहते आणि अभ्यास झालेला असल्याने ग्रामसभेत केवळ मोठ्या आवाजाचे चालत नाही. बाहेरचा कार्यकर्ता येथे शिक्षक नसून सह-अभ्यासक असतो. आपले अज्ञान उघड करणे हा त्याच्या कामाचाच भाग ठरतो. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढा (लेखा)ची गणना होते. त्यामागे अभ्यासाची अशी दीर्घ परंपरा होती.

स्कॉटलंडमधील व्यावसायिक स्वरूप : या कार्याला स्वतंत्र व्यवसायाचा दर्जा देण्याचा सर्वांत पद्धतशीर प्रयत्न स्कॉटलंडमध्ये झाला. १९७५ च्या अलेक्झांडर समितीच्या अहवालानंतर तेथे प्रौढशिक्षण व युवक-सामुदायिक कार्य एकत्र आणून सामुदायिक शिक्षणाची सेवा उभी राहिली. तिलाच नंतर ‘सामुदायिक अध्ययन व विकास’ असे नाव रूढ झाले. एडिंबरो शहराच्या गॉर्गी-डॅलरी या कामगार वस्तीत १९७९ मध्ये सुरू झालेल्या प्रौढ अध्ययन प्रकल्पाने ब्राझीलमधील शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरी यांचे विचार शहरी युरोपीय परिस्थितीत राबवून पाहिले. या क्षेत्रासाठी असलेली मानक परिषद विद्यापीठीय अभ्यासक्रमांना मान्यता देते, कार्यकर्त्याच्या अंगी असावयाच्या क्षमता व नीतिनियम निश्चित करते, नोंदणी ठेवते आणि नोंदणीकृत सभासदांनी आपले शिक्षण सेवाकालात चालू ठेवावे अशी अपेक्षा करते. शिक्षकांप्रमाणे येथील नोंदणी सक्तीची नाही. स्थानिक शासनाच्या खर्चकपातीची झळ या सेवेला वारंवार बसली आहे. तरीपण आपण कोणत्या व्यवसायाचे सभासद आहोत आणि त्यात पुढे काय शिकावयाचे, या प्रश्नाला तेथील कार्यकर्त्याकडे उत्तर असते. भारतातील अंगणवाडी सेविकेकडे ते नसते.

सद्यःस्थिती : एकविसाव्या शतकात भारतातील क्षेत्रकार्याचा भार प्रामुख्याने स्त्रियांवर आला आहे. २००५ मधील राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने निर्माण केलेल्या आशा-कार्यकर्तीसाठी पहिल्या पाच पुस्तिकांचे २३ दिवसांचे प्रशिक्षण ठरविण्यात आले व महाराष्ट्रात तिच्या मार्गदर्शनासाठी गटप्रवर्तक नेमण्यात आल्या. पोषण अभियानात (२०१८) अंगणवाडी सेविकांसाठी टप्प्याटप्प्याच्या अध्ययनाची पद्धत आली : सलग प्रशिक्षणाऐवजी २१ छोटे पाठ मासिक बैठकींतून घ्यावयाचे, ऐकलेले त्या महिन्यात करून पाहावयाचे व पुढच्या बैठकीत त्यावर बोलावयाचे. रचना जामखेडच्या वळणाची आहे. पण त्याच बैठकीत नोंदवह्या, मोबाइलवरील माहिती भरणे आणि वरून आलेल्या नव्या सूचना यांचाही निकाल लावावयाचा असल्यामुळे पाठाच्या वाट्याला किती वेळ येतो, हे पूर्णपणे पर्यवेक्षिकेवर अवलंबून असते. आणि या पर्यवेक्षिकेला शिकविण्याचे शिक्षण देण्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले गेले आहे.

स्वयंसाहाय्य गटांच्या क्षेत्रात वेगळी दिशा दिसते. २०११ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानात (उमेद) आंध्र प्रदेशातील अनुभवी गटांच्या सभासद स्त्रियांचे साहाय्य घेण्यात आले आणि पुढे राज्यातच ‘वर्धिनी’ तयार झाल्या. स्वतः गटातून कर्ज घेऊन, ते फेडून, गरिबीतून वर आलेल्या या स्त्रिया परक्या गावात पंधरवडाभर मुक्काम करतात, घरोघरी जाऊन गट बांधतात व हिशेब शिकवितात. त्यांची शिकविण्याची पात्रता म्हणजे त्यांचा जीवनानुभव होय. पहिल्या फेरीत बुजणारी वर्धिनी चौथ्या-पाचव्या फेरीत बँकेच्या अधिकाऱ्याशी गटाच्या वतीने बोलताना आढळते. शिकवीत असता शिकण्याचे हे उदाहरण प्रशिक्षणकेंद्रांतील अनेक अभ्यासक्रमांपेक्षा बोलके आहे. मात्र फेऱ्यांची गरज संपली की वर्धिनीला पुढे कोणते काम, हा प्रश्न उभा राहतो.

शिक्षणाला मान्यता मिळण्याचा प्रश्न सर्वच कार्यकर्तींना भेडसावतो. वीस वर्षांत आशा-कार्यकर्ती जे शिकली, ते तिला परिचर्येच्या अभ्यासक्रमात प्रवेश देऊ शकत नाही. अंगणवाडी सेविकेचा अनुभव बालशिक्षणाच्या पदविकेत श्रेयांक म्हणून सहसा धरला जात नाही. गावोगाव गट बांधणाऱ्या वर्धिनीकडे समाजकार्याची पदवी नसल्याने संस्थेतील पद तिच्या हाताखाली शिकलेल्या पदवीधरास मिळते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत आशा-कार्यकर्तींच्या प्रमाणीकरणाची योजना आखण्यात आली, तसेच नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या (१९८९) संस्थांमुळे औपचारिक शिक्षण सुटलेल्या स्त्रियांना नोकरी सांभाळून पदवीपर्यंत जाता येऊ लागले. अनेक अंगणवाडी सेविकांनी या मार्गाने पदवी मिळविली आहे. त्यासाठीची रजा, प्रवासखर्च आणि परीक्षेच्या दिवशी अंगणवाडी उघडण्याची व्यवस्था मात्र प्रायः त्यांना स्वतःलाच करावी लागते.